क्योतो, डिसेंबर : बाग राखणाऱ्यांचा दिवस

सकाळी ६.३०

डिसेंबरात क्योतोला उजाडायला सात वाजतात. साडेसहाला आवारातला दिवा लावूनच टेम्पो भरावा लागतो. आधी तीन पायांच्या शिड्या, मग बांबूचे खराटे, सुपं, ताडपत्र्या, काळ्या सुंभाच्या गुंडाळ्या. कात्री मात्र कुणी टेम्पोत टाकत नाही. ती ज्याची त्याच्या कमरेला, चामड्याच्या म्यानात. पायांत जिकाताबी, अंगठ्याला वेगळी खोळ असलेले कापडी बूट. त्यांचा तळ मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. दगडावर, शेवाळाच्या काठावर, शिडीच्या पायरीवर पाऊल कसं पडलं ते तळव्याला कळायला हवं.

आमची टोळी लहान आहे. मुख्य कारागिराला सगळे ओयाकाता म्हणतात. वय सत्तरीच्या पुढचं, पण शिडीवर अजून तेच सगळ्यांच्या आधी चढतात. टोळीत मी सगळ्यांत नवी आणि एकटीच परदेशी. जपानी बागांवर जे छापून येतं त्यात शांतता, ध्यान, शून्य हे शब्द भरपूर असतात. फोटोंत पांढरी खडी असते, दगड असतात, माणूस नसतो. ती शांतता रोज सकाळी कोणीतरी हातांनी तयार करतं, हे फार थोडे लोक लिहितात. म्हणून आजचा दिवस मांडते आहे.

७.१०

काम शहराच्या उत्तरेकडच्या एका झेन देवळात. आम्ही पोचतो तेव्हा तरुण भिक्षू खडीच्या अंगणात वाकलेला असतो. त्या अंगणाला आम्ही हात लावत नाही. खडी ओढणं हे इथं भिक्षूंचं काम, त्यांच्या साधनेचाच भाग. चीनमधले बाइझांग नावाचे प्राचीन झेन गुरू म्हातारपणीही शिष्यांबरोबर शेतात राबत. शिष्यांना दया आली, त्यांनी अवजारं लपवून ठेवली, तर गुरूंनी जेवण सोडलं, अशी कथा मठांत सांगतात. झाडलोट, खुरपणी, लाकडं फोडणं यांना तिथं मांडी घालून बसण्याइतकाच मान आहे.

आधी अंगणातली पानं हातानं वेचायची. दाताळ्याखाली सापडलेलं पान गाडलं जातं, कुजतं, आणि खडी काळवंडते. मग दाताळं घ्यायचं. ते जाड लाकडाचं, रुंद दातांचं आणि चांगलं जड असतं, कारण रेघ हातानं दाबून सरळ येत नाही, अवजाराच्या वजनानं येते. भिक्षू मागं मागं सरकत ओढतो, त्यामुळे त्याची पावलं त्याच्याच रेघांखाली पुसली जातात. दगडांभोवती वर्तुळं, मधे लांब सरळ रेघा. शेवटचं पाऊल अंगणाबाहेर पडेल असा हिशोब पहिल्या पावलाआधीच करावा लागतो. पाऊस आला की सगळं मोडतं, मग पुन्हा ओढायचं.

ही खडी हिएइ डोंगराच्या पायथ्याकडची, शिराकावा नदीकाठची. ग्रॅनाइट झिजून झालेली, पांढरट, त्यात अभ्रकाचे काळे ठिपके. दाणा भरड आणि टोकदार असतो म्हणून रेघ उभी राहते. समुद्राची बारीक वाळू असती तर ढासळली असती. नदीतून ती उपसायला आता बंदी आहे, त्यामुळे जुनी खडी धुऊन पुन्हा वापरतात.

पाणी न वापरता पाणी दाखवायची ही रीत, कारेसान्सुइ. दाइसेन-इन या छोट्या देवळात ओसरीच्या कडेनं चालत गेलं की उभ्या दगडांचा कोरडा धबधबा लागतो, त्यातून खडीची नदी निघते, पुलाखालून जाते, आणि शेवटी पांढऱ्या मोकळ्या अंगणात येऊन थांबते. तिथं खडीचे दोन शंकू आहेत, बाकी काही नाही. र्‍योआन-जीची बाग सगळ्या जगाला माहीत आहे: २४८ चौरस मीटर जागा, १५ दगड, आणि ओसरीवर कुठंही बसलात तरी एक दगड दुसऱ्याआड जातो. त्या १५ दगडांचे अर्थ लावण्यात अख्खी पुस्तकं खर्ची पडली आहेत. माझं मन मात्र तिथल्या एका दगडाच्या मागच्या बाजूला अडकतं. पाहणाऱ्याला ती बाजू दिसत नाही. तिच्यावर दोन माणसांची नावं कोरलेली आहेत. त्यांच्याकडे मी दहाच्या चहाला येते.

८.००

शेवाळ झाडायची वेळ. मऊ झाडूनं, हात हलका ठेवून, एकाच दिशेनं. मेपलची लाल पानं नोव्हेंबरभर पाहुण्यांनी डोळे भरून पाहिली. आता तीच पानं ओली होऊन शेवाळावर चिकटली आहेत. तशीच राहिली तर खालचं शेवाळ उन्हाविना पिवळं पडेल. अडकलेली पानं चिमटीनं काढायची, तण मुळासकट उपटायचं, आणि उचकटलेला शेवाळाचा तुकडा तळव्यानं पुन्हा जागी दाबायचा. गुडघ्याखाली फळी घेऊन हे काम चालतं.

शेवाळाची प्रसिद्ध बाग साइहो-जीची. मुसो सोसेकी या झेन भिक्षूनं १३३९ साली ते देऊळ नव्यानं उभं केलं, तेव्हा तिथं शेवाळाचा गालिचा नव्हता. पुढच्या शतकांत देवळाला वाईट दिवस आले, पूर आले, बागेकडं कुणी पाहिलं नाही, आणि झाडांखालच्या ओलाव्यात शेवाळ आपोआप पसरलं. आज तिथं सुमारे १२० प्रकारचं शेवाळ आहे. गर्दीनं जमीन तुडवली जाऊ लागली तेव्हा, १९७७ पासून, आगाऊ परवानगीशिवाय प्रवेश बंद केला गेला. आपसूक आलेली गोष्ट टिकवायला मात्र रोज झाडणारे हात लागतात.

तोफुकु-जीच्या बागेचाही उल्लेख इथंच करते. १९३९ साली बागकार शिगेमोरी मिरेइ यांनी ती आखली. देवळाकडं पैसा नव्हता आणि अट अशी होती की आवारातलं काही टाकून द्यायचं नाही. मग जुन्या वाटेच्या चौकोनी फरशा शेवाळात बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या, आणि जुन्या इमारतीच्या खांबांखालचे गोल दगड सप्तर्षीच्या आकारात मांडले. आधुनिक जपानी बागांमधली ही मला सर्वांत आवडणारी. काटकसरीतून आलेली कल्पकता तिच्यात स्वच्छ दिसते.

९.००

आजचं खरं काम पाइनचं. काळा पाइन, कित्येक पिढ्या राखलेला, एका बाजूला तळ्यावर झुकलेला. वर्षातून दोनदा त्याला हात लागतो. वसंत सरता सरता नवे कोंब मेणबत्तीसारखे उभे राहतात, ते अर्ध्यावर खुडायचे. आणि थंडी सुरू झाली की जुन्या सुया काढायच्या. नववर्षाच्या आत सगळ्या बागांचे पाइन आटोपायचे असतात, त्यामुळे डिसेंबरात आम्हाला उसंत नसते.

शिडीला तीनच पाय का, हे पहिल्यांदा चढल्यावर कळतं. दोन पाय इकडं, तिसरा फांद्यांमधून पलीकडं सरकवता येतो, आणि उंचसखल जमिनीवर तीन पाय डगमगत नाहीत. काम शेंड्यापासून सुरू करून खाली यायचं, कारण वरच्या सुया खाली पडतात आणि खालचं साफ केलेलं पुन्हा भरतं. डाव्या हातात डहाळीचं टोक धरायचं, उजव्या हाताच्या बोटांनी मागच्या वर्षीच्या सुया खाली ओढून काढायच्या, यंदाच्या तेवढ्या ठेवायच्या. मेथी निवडावी तसं हे काम: नजर पुढच्या काडीवर, बोटं या काडीवर. जिथं तीन-चार डहाळ्या एकत्र फुटल्या असतील तिथं दोनच राखायच्या, इंग्रजी Y च्या आकारात. मधली, सगळ्यांत जोरकस डहाळी बहुतेक वेळा जाते.

हे सगळं देखणेपणासाठी आहे असं बघणाऱ्याला वाटतं. झाडाच्या दृष्टीनं कारण वेगळंच आहे. पाइनचा जोर शेंड्याकडं असतो. त्याला मोकळं सोडलं तर वरच्या फांद्या दाट होतात, आतल्या आणि खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळतात आणि एकदा वाळलेली फांदी पाइन पुन्हा देत नाही. म्हणून वर जास्त विरळ करायचं, खाली कमी. ऊन आणि वारा खोडापर्यंत पोचला की आतले डोळे जिवंत राहतात, आणि जिवंत डोळा आहे तोवर फांदी आखूड ठेवता येते. शंभर वर्षांचं झाड तळ्याच्या काठाला शोभेल एवढंच राहतं ते यामुळे. कापून लहान केलेलं झाड आणि विरळ करून लहान राखलेलं झाड यांत फार फरक असतो. पहिलं झाड जखमी दिसतं. दुसऱ्यावर हात फिरला आहे हे कळतसुद्धा नाही.

ओयाकाता बोलतात थोडं. मी एक फांदी संपवली की म्हणतात, "खाली उतर, खोडाला टेकून वर बघ." वर बघायचं. आभाळाचे तुकडे सारखे दिसले तर पुढच्या फांदीकडं जायचं. एका बाजूला काळोख दिसला तर पुन्हा शिडी. तासाभरात बोटं चिकानं काळी होतात, घरी तेल लावून घासल्याशिवाय ती सुटत नाहीत. या तासाभरात मनात दुसरं काही येत नाही. यायला जागाच नसते. ध्यान शिकवायला कुणी आलेलं नसतं, फक्त पुढची डहाळी असते.

१०.००

चहाची सुट्टी. जपानमध्ये कारागिरांना दहाला आणि तीनला चहा मिळतो, ही रीत जुनी आहे आणि कुणी मोडत नाही. ओसरीच्या कडेला, आत नाही, थर्मास ठेवलेला असतो.

आता ती दगडावरची दोन नावं. त्यांतलं एक स्पष्ट वाचता येतं, कोतारो. ती नावं कावारामोनोंची असावीत असं अभ्यासक मानतात. कावारामोनो म्हणजे नदीकाठची माणसं. मध्ययुगीन क्योतोत कामो नदीच्या वाळवंटात, जिथं सारा नव्हता आणि पुराची भीती कायम होती, तिथं ही वस्ती होती. मेलेली जनावरं ओढणं, चामडं कमावणं, विहिरी खणणं ही त्यांची कामं. समाजानं त्यांना अपवित्र ठरवलं होतं. गावाबाहेरच्या वस्तीत राहणं आणि चामड्याच्या कामाचा विटाळ मानला जाणं हे काय असतं, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

माती उपसणं, दगड हलवणं हेही याच लोकांवर पडलं. दगड हलवता हलवता त्यांना दगड कळू लागला. अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या ग्रंथात, जो ताचिबाना तोशित्सुना या सरदारानं लिहिला असं मानतात, बागेत आधी मुख्य दगड रोवावा आणि बाकीचे तो मागेल तसे बसवावेत अशा अर्थाची सूचना आहे. सरदारांनी ती लिहून ठेवली. पंधराव्या शतकात ती अंगात भिनवून घेतली ती नदीकाठच्या माणसांनी. त्यांच्यातला झेनआमी हा शोगुन (लष्करी शासक) आशिकागा योशिमासाचा आवडता बागकार झाला. तो आजारी पडला तेव्हा शोगुननं त्याच्यासाठी औषध पाठवलं. नव्वदी ओलांडून १४८२ मध्ये तो वारला. त्याचा नातू माताशिरो हाही नावाजलेला बागकार होता. १४८९ साली एका झेन भिक्षूनं आपल्या रोजनिशीत माताशिरोचं बोलणं टिपून ठेवलं आहे: अशा घरी जन्मल्याचं दुःख आहे, म्हणून जीव घ्यायचा नाही आणि कुणाच्या मालमत्तेचा लोभ धरायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. भिक्षूला त्याच्याविषयी आदर वाटला, हेही त्या नोंदीत दिसतं.

झेन बागांचं श्रेय आपण झेनला देतो. ते पूर्ण खरं नाही. बागेचा विचार भिक्षूंचा असेल, पैसा शोगुनचा असेल, पण दगड जमिनीत किती पुरायचा, त्याचं तोंड कुणीकडं करायचं, हे ज्ञान ज्यांना देवळाच्या ओसरीवर बसता येत नव्हतं त्यांच्या हातांत होतं. आज त्या ओसरीवर बसून मनःशांती मिळवणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

१२.००

डबा. भात, लोणचं, अंड्याची वडी. मग टेम्पोत डोळे मिटून पडायचं.

दुपारी १.००

कुंपणाच्या झाडीची वरची कड. इथं शिडीवर एक जण आणि ओसरीवर एक जण असं काम चालतं. ओसरीवर बसलेला सांगतो, "आणखी दोन बोटं." कारण ही कड डोंगरासाठी कापायची असते. पूर्वेला हिएइ उभा आहे. झाडी उंच वाढली तर तो झाकला जातो, फार खाली कापली तर पलीकडची घरं आणि तारा दिसतात. बाहेरचं दृश्य बागेत ओढून घेण्याची ही कला. मुसो सोसेकीनं तेनर्‍यू-जीच्या तळ्यामागं आराशियामाचा डोंगर असाच घेतला आहे. एन्त्सू-जीतून दिसणारा हिएइ तर त्या बागेचा प्राणच. मधे इमारती येऊ नयेत म्हणून क्योतो शहरानं २००७ साली दृश्यरक्षणाचा नियमच केला. बागांतून डोंगर दिसावा म्हणून शहरानं आपली उंची आवरली. हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

शिडीवरून दूर दक्षिणेला हिगाशियामाची रांग दिसते. तिच्या पायथ्याशी मुरिन-आन आहे, सेनानी आणि राजकारणी यामागाता आरितोमोचा बंगला. १८९४ ते १८९६ या काळात बागकारांच्या घराण्यातल्या सातव्या ओगावा जिहेइनं त्याची बाग केली. बिवा सरोवराचं पाणी क्योतोला आणणारा कालवा नुकताच झाला होता, तेच पाणी बागेत खेळवलं. तिथं ध्यानस्थ खडी नाही. उथळ ओढा आहे, हिरवळ आहे, पाण्याचा आवाज आहे. जपानी बाग म्हणजे फक्त दगड आणि रिकामी जागा अशी समजूत झालेल्यांनी आधी मुरिन-आन पाहावी.

३.००

दुसरा चहा लवकर आटोपतो, उजेड कमी राहिलेला असतो. चहाघराकडं जाणाऱ्या वाटेवरचं बांबूचं कुंपण बांधायचं आहे. हिवाळ्यात तोडलेला बांबू टिकतो, कारण तेव्हा त्यात रस कमी असतो. काळा सुंभ आधी पाण्यात भिजवायचा, ओलाच बांधायचा. वाळला की गाठ आवळते. गाठीची दोन टोकं वर उभी राहिली पाहिजेत आणि सगळ्या गाठी समोरून एकसारख्या दिसल्या पाहिजेत. थंडीत ओल्या दोरीनं बोटं बधिर होतात.

चहाघराची वाट बघण्यासाठी नसते, माणसाचा वेग कमी करण्यासाठी असते. दगड असे मांडलेले की खाली बघूनच चालावं लागतं. वाटेत एक मोठा दगड येतो, तिथं थांबून मान वर करता येते. मग हात धुण्याचं दगडी कुंड, तेही इतकं खाली की प्रत्येकाला वाकावंच लागतं, मग तो सरदार असो की व्यापारी. चहाविधीचा गुरू सेन नो रिक्यू यानं या वाटेत सहा भाग चालण्याची सोय आणि चार भाग देखणेपण मानलं. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे यानं हे प्रमाण उलटं केलं, असं परंपरा सांगते. दोघांच्या बागांवरचा वाद आजही ओयाकातांच्या चहाच्या गप्पांत येतो. ते रिक्यूच्या बाजूचे आहेत, मीही.

कुंपण झालं की शेवाळावर पाइनच्या वाळलेल्या तपकिरी सुया अंथरतो. रात्री मातीतला ओलावा गोठून फुगतो आणि शेवाळ जमिनीपासून सुटतं. हे पांघरूण ते थांबवतं. थंडी सरली की उचलायचं. पांघरुणाची कड वळणदार आणि नेटकी ठेवतात, म्हणजे हिवाळ्यात तेच बागेचं रूप होतं. वाटेच्या तोंडाशी सुंभानं चौकडी बांधलेला एक छोटा दगड ठेवायचा. इथून पुढं जाऊ नये, एवढं तो सांगतो. पाटी लागत नाही.

४.१५

पावणेपाचला सूर्य जातो. शेवटचा अर्धा तास आम्ही स्वतःच्या खुणा पुसतो. पाइनखालच्या हिरव्या सुया ताडपत्रीवर गोळा करायच्या, शेवाळात अडकलेल्या सुपात वेचायच्या, शिडीच्या पायांचे खळगे बुजवायचे, जिकाताबीचे ठसे झाडूनं उठवायचे. तपकिरी सुया वेगळ्या भरतो, वाळवून पुढच्या हिवाळ्याला लागतील. ओयाकाता एकदा सगळी बाग फिरून येतात. काही बोलले नाहीत तर काम ठीक झालं.

संध्याकाळी ५.३०

हात तेलानं घासताना मनात पुणं येतं, कारण मी तिथलीच. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. १० एकरांचं, २००६ साली खुलं झालेलं. पुलंच्या 'पूर्वरंग'मधून जपान अनेक मराठी घरांत पोचला, त्यामुळे या बागेला त्यांचं नाव असणं योग्यच आहे. मूळ कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिची मोठी हानी झाली, आणि जुन्या आराखड्यांवरून ती पुन्हा उभी राहिली. ती आज आहे ती राखणाऱ्यांमुळे.

पुण्याचं हवामान वेगळं, झाडं वेगळी, तिथं काळा पाइन रुजेलच असं नाही. पण झाड विरळ कसं करावं, कड कुठं थांबवावी, दगडाभोवतीचं तण कसं काढावं, ही विद्या तिथंही लागू पडते. ती माळ्यांच्या एका पिढीकडून दुसरीकडं जायला वर्षं लागतात, आणि रोजंदारीवर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडून ती पुढं जात नाही. त्या बागेत फिरायला जाणाऱ्या पुणेकरांनी मागणी करायची असेल तर नव्या कारंज्याची करू नये. कायम नोकरीतल्या, नीट शिकवलेल्या, चांगला पगार मिळणाऱ्या माळ्यांची करावी. आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथं काम करणाऱ्या माळीदादांशी, मावशींशी दोन शब्द बोला. कोणतं झाड कधी छाटतात ते विचारा.